मूर्तिजापूर वाढून राहिलं

गंज या विषयावर माझ्या साडूभाऊंइतका विचार अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्या कोणी केलेला नाही, आणि त्या विचाराचा गंजाला इतका फायदाही दुसऱ्या कोणी करून दिलेला नाही. माणसं मुलांना वाढवतात, बागा वाढवतात, पोटं वाढवतात. आमच्या साडूभाऊंनी पंधरा वर्षं एक सात सीटांची पांढरी व्हॅन सांभाळली आणि तिच्या अंगावर एक अख्खा जिल्हा वाढवला. हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. जिल्ह्याचं पुढे येईलच.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते राहतात अकोल्याला, शहर संपून कपाशी सुरू होते तिथल्या वसाहतीत. मी अमरावतीचा. नोकरीभर ते पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. गावोगावचं पाणी बाटल्यांतून त्यांच्या टेबलावर यायचं, ते त्यात काहीबाही टाकून रंग बघायचे आणि कागदावर लाल शिक्का मारायचे: ‘पिण्यास अयोग्य’. तो सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. तिथे बोर मारली की खारं पाणीच लागतं, त्यामुळे शिक्का पहिल्या पाच वर्षांतच झिजून दुसरा मागवावा लागला म्हणतात. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. कोणाकडे गेले आणि समोर पेला आला, की आधी विचारणार, “बोरचं का नळाचं?” त्यांच्या स्वतःच्या घरी स्वयंपाकाचं आणि चहाचं पाणी जारमधून येतं. बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि त्या पाण्यावर मेहुणीबाईंच्या तीन तुळशी गेल्या. असा हा पाण्यातला जाणकार माणूस. पण बोलतो मात्र गंजावर.

त्यांच्याकडे गेलात की “या, बसा, प्रवास कसा झाला” वगैरे काही नाही. फाटकातच तुमचा दंड धरतात आणि व्हॅनच्या मागच्या चाकापाशी नेऊन उकिडवं बसवतात. स्वतःही शेजारी बसतात. मग बोट दाखवून, आवाज खाली आणून विचारतात, “दिसून राहिलं का?”

मला काही म्हणजे काही दिसत नसे. चाकाच्या कमानीखाली काळोख, त्यात चिखलाचा वाळका थर, आणि कधी एखादा कोळी. पण गुडघे दुखायला लागायचे, आतून पोह्यांचा वास यायचा, म्हणून मी म्हणायचो, “हो हो, दिसतंय ना.”

“मांगच्या बारीनं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मंग आलं कोठून?”

नेमकं काय आलंय तेच मला ठाऊक नसे. बारा-तेरा वर्षं मी असा न दिसलेल्या गोष्टीच्या कारणांवर मान डोलावत आलो, आणि दरवेळी पोहे गार झाल्यावर खाल्ले.

मला दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण पुढे त्यांनी एक वही केली. तिच्यात व्हॅनची चारही बाजूंनी चित्रं होती, आणि चित्रांवर लाल ठिपके. प्रत्येक ठिपक्याला अकोला जिल्ह्यातल्या एकेका गावाचं नाव. मागच्या दारावर अकोट आणि तेल्हारा, डाव्या चाकावर बाळापूर, नंबर प्लेटखाली पातूर. डाव्या बाजूच्या सरकत्या दाराखाली, पायरीच्या पत्र्यावर, सगळ्यांत मोठा डाग होता तो मूर्तिजापूर. “नावं ठेवली की ध्यानात राहते,” ते म्हणाले. राहत असेलही, पण ऐकणाऱ्याचे हाल होत. एकदा सकाळी त्यांचा फोन माझ्या बायकोने घेतला. पलीकडून एवढंच आलं, “मूर्तिजापूर वाढून राहिलं. अकोट गेलंच समजा.” आणि फोन बंद. बायकोचे काका मूर्तिजापूरला राहतात. तिने मला अंघोळीतून ओढून काढलं, काकांना फोन लावला, काका शेतात निघून गेले होते म्हणून ते उचलेनात, तेव्हा ती रडायला बसली. दुपारी काकांचाच फोन आला, ठणठणीत आवाजात, “काहून फोन करून राहिली व सकाळपासून?”

पण खरी मजा त्यांच्या कारणमीमांसेत. साडूभाऊंचा नियम असा, की गंज आपोआप येत नाही, कोणीतरी आणतं. हे कोणीतरी दर वर्षी बदलायचं. एक वर्ष कबुतरं होती. दुसऱ्या वर्षी शेजाऱ्यांचा कडुनिंब होता, कारण त्याच्यातून काहीतरी ठिबकतं; त्या शेजाऱ्यांना ते वाटीत जमा केलेलं ठिबकणं दाखवायला गेले होते. मग बसणाऱ्यांचा घाम. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे त्या व्हॅनमधून देवदर्शनाला निघालो, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला एकेक पंचा दिला आणि बजावलं, “कोरडं बसा.” अकोल्याच्या मे महिन्यात कोरडं बसा! आम्ही नऊ माणसं, खिडक्या उघड्या, बाहेर वाफ, आणि सगळे एकमेकांना पुसत निघालेले.

त्यानंतर संत्री. मोर्शीकडचे कोणी पाहुणे एक पेटी संत्री घेऊन आले होते, ती त्यांनी मागच्या सीटखाली ठेवली आणि दोन फळं फुटली. पुढच्या महिन्यात पातूरचा डाग दिसला. झालं. त्या दिवसापासून व्हॅनमध्ये संत्र्याला बंदी, सालीलाही बंदी, संत्र्याच्या गोळीलाही बंदी. पुढे त्यांच्या मुलीचं, मिनूचं, स्थळ जमलं ते नेमकं मोर्शीच्या संत्र्याच्या बागाईतदाराकडे. मुलगा गुणी, घर चांगलं, मिनूला पसंत. साडूभाऊंनी पहिल्या भेटीत होणाऱ्या व्याह्यांना काय विचारावं? “संत्री नेता कायच्यात?” व्याही म्हणाले, “ट्रकात.” साडूभाऊंचा जीव भांड्यात पडला.

आणि रंग! डाग दिसला की ते पॉलिश पेपरने घासायचे आणि पांढरा रंग लावायचे. पण पांढरा कोणता? घराच्या फाटकाचा उरलेला, वसाहतीच्या देवळाचा उरलेला, एकदा फ्रिजवर मारायची बाटली, एकदा कोणीतरी आणून दिलेला नक्की कसला ते कोणालाच ठाऊक नाही असा. काही वर्षांत व्हॅनवर चार पांढरे झाले. एक दुधी, एक निळसर, एक शहाळ्याच्या आतल्या खोबऱ्यासारखा, आणि चौथा फक्त साडूभाऊंनाच वेगळा दिसायचा. मी म्हटलं, “साडूभाऊ, मूळचा कोणता हो यातला?” ते बराच वेळ गाडीभोवती फिरले, छताकडे पाहिलं, आत वाकून पाहिलं, आणि म्हणाले, “आता काय सांगा!”

असं असलं तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या गाडीवर धूळ कधी बसली नाही. सकाळी सहाला बोर सुरू झाली की साडूभाऊ दोन बादल्या, एक मग आणि तीन फडकी घेऊन हजर. छतापासून सुरुवात, मग काचा, मग दारं, मग दारांच्या सांध्यांत मगाने पाणी सोडायचं, मग चाकांच्या कमानीत खालून वर भिरकवायचं. पाऊस पडत असला तरी धुणार. “पावसाचं पाणी घाणेरडं रायते,” म्हणायचे. ताप असला तरी धुणार. एकदा घरात सत्यनारायण होता, गुरुजी पाटावर, यजमान गायब. यजमान मागच्या चाकाखाली. सोवळ्यात!

त्या गाडीत चढायचाही एक विधी होता. डावीकडचं दार सरकवून साडूभाऊ स्वतः उघडायचे आणि दाराच्या मागच्या, छताला आधार देणाऱ्या पत्र्याच्या खांबाला पाठ टेकवून उभे राहायचे, एसटीच्या कंडक्टरसारखे. सगळे आत बसेपर्यंत हलायचे नाहीत. मग दार स्वतःच लावायचे. आम्ही म्हणायचो, किती अगत्य!

यंदा गाडीला पंधरा वर्षं झाली. नोंदणी नव्याने करायची म्हणजे आधी तपासणी. त्यात तळाचा पत्रा सडलेला निघाला तर गाडी थेट भंगारात. आणि लग्न महिन्यावर आलेलं. लग्न मोर्शीला, मुलाकडे, म्हणजे नवरी घेऊन आपण जायचं. कशात? व्याह्यांनी मोठ्या मनाने लांबलचक, काळीकुळकुळीत गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. मेहुणीबाई तयार होत्या. साडूभाऊंनी मात्र एकच धोशा लावला, “मिनू आपल्या गाडीत जाईन.”

गाडी घेतली तेव्हा मिनू दुसरीत होती. पहिल्या दिवशी खिडकीतून डोकं काढून ती म्हणाली होती, “बाबा, मी लगनाले याच गाडीत जाईन.” मुलं असं बोलतात आणि पुढच्या चौकात विसरतात. मिनूही विसरली होती. मी तिला विचारलं तर म्हणाली, “काका, मी तर तेव्हा अंतराळातही जाणार होते.” पण साडूभाऊंनी तो शब्द सरकारी कागदासारखा जपून ठेवला होता.

अकोल्यातले सगळे रंगारी त्यांच्याशी एकेकदा बोलून झालेले होते, त्यामुळे तिथे कोणी गाडी घेईना. शेवटी ती माझ्या गावी आली. अमरावतीला वलगाव रोडवर एक चाचा डेंटिंग-पेंटिंगचं काम करतात. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल, आणि गाडीकडे डॉक्टरने पेशंटकडे बघावं तसं बघणं. साडूभाऊंनी वही उघडली आणि अकोटपासून सुरुवात केली. कबुतरं झाली, कडुनिंब झाला, संत्र्यापर्यंत आले. चाचांनी ऐकून घेतलं. मग दाराचा रबर बोटाने उचलला, सांध्यातली पांढरी भुकटी करंगळीवर घेतली आणि चक्क चाटली.

“साहेब, तुमी समुंदराच्या काठी राह्यता का?”

साडूभाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी साडूभाऊंकडे. “अकोल्याले राह्यतो मी.”

“अकोल्यात समुंदर आला का?”

“नाही बा. काहून?”

“हे नमक हाये सारं. कोकणातल्या गाडीले बी इतकं नसते. गाडी कायनं धुता तुमी?”

“पाण्यानं.”

“कोनतं पानी?”

“बोरचं,” साडूभाऊ म्हणाले. आणि तोंड उघडं ते तसंच राहिलं.

मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मी म्हटलं, “अहो, तुम्ही तर पाण्यातले तज्ज्ञ. तुम्हाला ठाऊक होतं ना ते खारं आहे?”

“होतं ना.”

“मग?”

“अवो, तो शिक्का पिण्याचा हाये!” ते एकदम चिडले. माझ्यावर, चाचांवर, का त्या शिक्क्यावर, कोण जाणे. “पिण्यास अयोग्य! गाडी काय पाणी पेते का?”

चाचा शांतपणे म्हणाले, “पेते साहेब. रोज पाजलं तर पेते.”

पंधरा वर्षं, रोज दोन बादल्या. ज्या पाण्याने तुळस जगत नाही ते या माणसाने ज्या वस्तूवर जीव होता तिच्या सांध्यासांध्यांत मगाने सोडलं होतं. कबुतरांना, कडुनिंबाला, आमच्या घामाला दोष दिला, आणि पाण्याचा मग मात्र स्वतःच्याच हातात. मला हसू येत होतं. पण मी बघितलं, तर साडूभाऊ बादलीभर रागाने त्या व्हॅनकडे नाही, स्वतःच्या दोन तळहातांकडे बघत होते. मग हसता येईना.

चाचांनी गाडी घासायला घेतली. अकोट, तेल्हारा, बाळापूर, एकेक गाव उडालं. मूर्तिजापूरला मात्र ते थांबले. “हे खालून नाही सुरू झालं. वरून उतरलं,” म्हणाले, आणि दार पूर्ण मागे सरकवायला गेले. साडूभाऊ सवयीने पुढे झाले आणि खांबाला पाठ टेकवून उभे राहिले. चाचा म्हणाले, “हटा साहेब.” ते हटेनात. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. एका गॅरेजमध्ये एक माणूस खांबाला टेकून उभा, दुसरा पॉलिश पेपर घेऊन उभा, आणि तिसऱ्याला, म्हणजे मला, काय चाललंय याचा पत्ता नाही.

“तपासनी पास करायची का नाही?” चाचांनी विचारलं. तेव्हा साडूभाऊ बाजूला झाले.

खांबावर आडव्या रेघा होत्या. किल्लीच्या टोकाने ओढलेल्या, पत्र्यापर्यंत खोल, कमरेच्या उंचीपासून वर चढत गेलेल्या. प्रत्येक रेघेतून तांबूस ओघळ खाली आलेला.

“कोन्या बदमाशानं केलं हे?” चाचा म्हणाले.

मी मनातल्या मनात दोन पावलं मागे सरलो. दसऱ्याला झेंडूच्या हाराची तार घासून बॉनेटवर केसाएवढा ओरखडा आला, तेव्हा हार बांधणाऱ्या सख्ख्या भावाशी हा माणूस दिवाळीपर्यंत बोलला नव्हता. आता काय होणार!

“म्या,” साडूभाऊ म्हणाले.

“तुम्ही?” मी म्हटलं.

“मिनूचं माप हाये. दर दसऱ्याले गाडीची पूजा झाली की उभी करत होतो इथं.” त्यांनी बोट ठेवत दाखवलं. “ही दुसरीतली. ही तिसरी. इथं गोवर आला होता, इथं जास्त नाही वाढली. ही दहावी.”

सगळ्यांत वरची रेघ इतर रेघांपेक्षा जाड होती. तिथे पत्रा आरपार गेला होता, बोट घातलं तर बाहेर निघेल इतका. “आणि ही?” मी विचारलं.

“तिथं तिची उंची थांबली.”

“मग इतकी खोल कशी?”

त्यांनी रेघेच्या कडेवरून बोट फिरवलं. “ती थांबली, पण दसरा थांबते का? दर वर्षी उभी राहे, दर वर्षी मी ओढो. तेथंच येत होती रेघ.”

चाचांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. मग म्हणाले, “साहेब, हा पत्रा कापा लागन. नाही तं पास नाही होनार.” साडूभाऊंनी मान हलवली आणि ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, गाडीकडे पाठ करून. कटरचा आवाज थांबेपर्यंत वळले नाहीत.

व्हॅन पास झाली. चार पांढऱ्यांचा एक पांढरा झाला, इतका सलग की मेहुणीबाईंना ती दुसऱ्याच कोणाची गाडी वाटली.

लग्नाच्या सकाळी आम्ही अकोल्यालाच होतो. सहाला बोर सुरू झाली. साडूभाऊ अंगणात आले, बादलीकडे पाहिलं, मगाकडे पाहिलं, आणि दोन्ही उलटे करून भिंतीशी ठेवले. गाडीवर मांडवाची धूळ बसली होती. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती न धुता निघणार होती, आणि तीही नवरी घेऊन. त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. सदऱ्याच्या खिशात घालत, काढत, परत घालत.

मेहुणीबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. गाडीला हळदकुंकू लागलं. मिनू शालू सावरत आली, दार सरकवलं, आणि आत चढायच्या ऐवजी खांबाला पाठ लावून उभी राहिली. गुळगुळीत, कोरा, नवा खांब.

“बाबा, माप.”

“आता कायचं माप, बेटा? पत्रा बदलला. नवा रंग हाये.”

“तरी घ्या.”

“ओरखडा पडते ना व.”

“मग किल्लीनं नका घेऊ.” तिने ताटातली ओली हळद पुढे केली. “आणि अंबाडा दाबून धरा. नाहीतर म्हणाल सासरी जायच्या दिवशी चार बोटं वाढली.”

सगळे हसले. साडूभाऊंनी डाव्या हाताने तिचा अंबाडा दाबला, उजव्या हाताचं बोट हळदीत बुडवलं आणि तिच्या डोक्यावरून एक आडवी रेघ ओढली. रेघ जरा उतरती आली. मग नेहमीप्रमाणे खांबाला टेकायला गेले आणि मध्येच थांबले. हळद ओली होती. तेव्हा एक हात दाराकडे करून, खांबापासून वीतभर अंतर ठेवून, उभे राहिले आणि म्हणाले, “चला, बसा कोरडं.”

परवा मी अकोल्याला गेलो होतो. फाटकात दंड धरला गेला. व्हॅन उभी होती, धुळीने भरलेली. साडूभाऊ आता ती कोरड्या फडक्याने झटकतात, तेही खांब सोडून. त्यांनी दार सरकवलं आणि मला उकिडवं बसवलं नाही, उभंच केलं. बोट दाखवलं.

“दिसून राहिलं का?”

मी पाहिलं. पिवळी रेघ होती. पण दारातून येणाऱ्या उन्हाने एका टोकाकडून पुसट झालेली.

“दिसतंय,” मी म्हटलं. यावेळी खरंच दिसत होतं.

“मांगच्या बारीनं पुरी होती. लगनाच्या दिवशी पाह्यली ना तुमी?”

“पाहिली.”

“पाणी नाही लावलं. हात नाही लावला. फडकंसुद्धा नाही.” ते रेघेपाशी तोंड नेऊन बराच वेळ बघत राहिले. पंधरा वर्षं ज्यांच्याकडे प्रत्येक डागाचं कारण तयार होतं, त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मंग जाऊन काहून राहिली, साडूभाऊ?”

आतून पोह्यांचा वास येत होता. मेहुणीबाईंनी दोनदा हाक मारली. आम्ही दोघंही हललो नाही.